तेरा वर्षांच्या मुलीला दुसरीत बसवू नका

मा. संपादक,
स. न.

गाळप हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्यात ऊसतोड कामगारांच्या शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम निघते. कोप्यांवर (कामगारांच्या झोपड्यांवर) जाऊन मुले मोजतात, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांची नावे घालतात, फोटो काढतात. सहा-सात वर्षांच्या पोरांना त्याचा थोडाफार उपयोग होतो. अकरा ते सोळा वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र हा उपाय फसतो आणि मग खापर पालकांच्या अनास्थेवर फुटते. या वयाला लागणारे शिक्षण मुळातच वेगळ्या बांधणीचे असते, ते आपण त्यांना देतच नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम ४ नुसार अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही. त्याची मुदत किमान ३ महिने, जास्तीत जास्त २ वर्षे. वयाची १४ वर्षे उलटली तरी आठवी होईपर्यंत शिक्षण मोफत. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५ सांगते. प्रत्यक्षात यातले पहिले अर्धेच वाक्य पाळले जाते. वय बघून सातवीत नाव पडते, प्रशिक्षणाचा पत्ता नसतो. अक्षरे जुळवत वाचणारा मुलगा सातवीच्या विज्ञानापुढे आठवडाभर बसतो आणि फडात (उसाच्या शेतात) जातो. कुठे शिक्षकांना कळवळा येतो आणि ते त्याला दुसरीत बसवतात. तेरा वर्षांच्या मुलीला सात वर्षांच्या पोरांत बसण्याची लाज इतकी वाटते की तीही चार दिवसांत येईनाशी होते.

निर्वासितांच्या छावण्यांत हाच पेच फार आधी पडला होता. त्यातून वेगवर्धित शिक्षणाची, म्हणजे अनेक इयत्तांचा अभ्यास थोड्या वर्षांत पुरा करण्याची, पद्धत तयार झाली. ती साधारण १० ते १८ वयोगटासाठी असते. युगांडात प्राथमिक शाळा सात वर्षांची आहे. तिथे निर्वासित आणि स्थानिक अशा दोन्हींकडच्या वय उलटलेल्या मुलांसाठी ती तीन टप्प्यांत बसवली आहे : पहिली ते तिसरीचा एक टप्पा, चौथी-पाचवीचा दुसरा, सहावी-सातवीचा तिसरा. प्रत्येक टप्प्याला एक वर्ष. उत्तर घानात १९९५ पासून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी नऊ महिन्यांचे वर्ग चालले, रोज तीन तास, मातृभाषेतून, वर्गात पंचवीसच्या आसपास मुले. नऊ महिन्यांनंतर मुले नेहमीच्या शाळेत वरच्या वर्गात जात. इथे एक गल्लत टाळायला हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या मुलांचे काही आठवडे बुडाले. त्यांना लागत होते ते भरपाईचे जादा तास. ज्याची तीन-चार वर्षे तुटक तुटक गेली आहेत, त्याला जादा तासांनी काही होत नाही. त्याच्यासाठी अभ्यासक्रमच नव्याने आवळावा लागतो.

तो आवळता येतो का, हे साध्या हिशेबावर पाहू. कायद्यातील निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला ८०० तास अध्यापन हवे, म्हणजे पाच वर्षांचे ४,००० तास. ऊसतोड कामगाराचे मूल नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत तळावर (टोळीच्या मुक्कामाच्या जागी) असते. बाजाराचे, आजारपणाचे, तळ हलण्याचे दिवस वजा केले तर ११० दिवस हाती लागतात. रोजचे तीन तास धरले तर ३३०. गावी परतल्यावर १५ जून ते ऑक्टोबरअखेर साधारण ९५ दिवस, रोज पाच तास, म्हणजे ४७५. वर्षाचे झाले ८०५. दोन वर्षांत १,६०० च्या वर. पाच वर्षांचे काम दोन-पंचमांश वेळात करायचे आहे. भाषा आणि गणित हा कणा ठेवून परिसर अभ्यास वाचनाच्या पाठांतून शिकवला तर ते जमते. सगळी पुस्तके पहिल्या पानापासून दामटायला गेलात तर मुळीच जमणार नाही. वेगवर्धित म्हणजे भरभर शिकवणे, असा समज शिक्षकांतही आहे. फसगतीची सुरुवात तिथूनच होते.

वेळ वाचतो तो वगळण्यातून. स्थानिक किंमत पहिलीपासून दरवर्षी थोड्या मोठ्या आकड्यांत पुन्हा येते. लहान मुलाला ती उजळणी लागते, तेरा वर्षांच्याला लागत नाही. तो रोज मोळ्या मोजतो, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून पैसे घेतो, मुकादमाच्या उचलीतून (आगाऊ घेतलेल्या पैशांतून) किती फिटले हे तोंडी सांगतो. कच्चे असते ते लेखी गणित. म्हणून कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हा पहिला धडा करावा. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ ऊस : हातच्याची वजाबाकी, दशांश अपूर्णांक, गुणाकार आणि वाचन, सगळे त्या एका चिटोऱ्यात आहे. काटामारीच्या (वजन कमी दाखवण्याच्या) तक्रारी आपल्याकडे नव्या नाहीत, त्यामुळे या धड्याला आईबापही कान देतात.

वर्गाची जागा आणि वेळ टोळीच्या प्रकारावर ठरते. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ हंगामभर एका तळावर असतात. तिथे पक्का वर्ग चालतो. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव फिरतात, आठ-पंधरा दिवसांत तळ उठतो. त्यांच्यासाठी उभारलेला वर्ग महिन्यात ओस पडतो. तिथे मुलाकडेच सुटे अभ्यासपत्रकांचे संच आणि प्रगतीचे कार्ड द्यावे, आणि पुढच्या गावच्या शाळेने त्यावरून धागा उचलावा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला द्यायचे शिक्षण हमी कार्ड आपल्याकडे आहेच. पण त्यावर इयत्ता असते, मुलाला काय येते ते नसते. ‘सलग परिच्छेद वाचतो, भागाकार येत नाही’ एवढ्या दोन ओळी लिहिल्या तरी पुढच्या शिक्षकाचे पंधरा दिवस वाचतील. हे जाणून घ्यायला प्रत्येक मुलामागे वीस मिनिटांची तोंडी चाचणी पुरते आणि वर्गातले गट त्यावरूनच पाडावेत, वयावरून नव्हे.

सकाळी अकराची शाळा मुलींना सोयीची नसते. आईबाप पहाटेच फडात जातात; पाणी, भाकरी आणि धाकटे भावंड हे तिच्याकडे असते. दुपारी बारा ते तीन ही वेळ बहुतेक तळांवर निभते, पण ती आधी तळावर विचारून ठरवावी. आणि शेजारी बालवाडी नसेल तर वर्ग काढूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कडेवर मूल घेऊन आलेली मुलगी शिकत नाही आणि त्या मुलाच्या रडण्याने बाकीचेही शिकत नाहीत.

वर्गात पंचवीस-तीसपेक्षा जास्त मुले नसावीत. शिक्षकाला हंगामाआधी पाच दिवस आणि पुढे महिन्याला एक दिवस प्रशिक्षण मिळावे. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळायला हवे. ते रखडले की जानेवारीत शिक्षक सोडून जातो आणि उरलेला हंगाम वाया जातो. भाषेचाही विचार हवा. तळावर बीडची मराठी असते, बंजारा कुटुंबांत गोरमाटी असते, जत भागातल्या काही मुलांची शाळाच कन्नड माध्यमाची असते. त्यांना मराठी पुस्तक देऊन ‘वाचता येत नाही’ असा शेरा मारणे अन्यायाचे आहे.

हंगामी वसतिगृहांचा उपाय लहान मुलांसाठी आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांच्यासाठी चांगला आहे. वयात आलेल्या मुलीला मात्र मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत. ती तळावर येणारच, हे धरूनच आखणी केली पाहिजे.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न, आणि पंधरा-सोळाच्या मुलांसाठी तोच सर्वांत मोठा आहे. शेवटी कागद मिळणार नसेल तर ती एक दिवसाची मजुरी का बुडवतील? राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, ऐन तोडणीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची फेरी टोळी निघण्याच्या गडबडीत सापडते, पण एप्रिल-मेपर्यंत बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलेला (गाळप संपलेले) असतो. वय १४ पूर्ण असले की माध्यमिकला प्रवेश मिळतो, तो पाच वर्षे चालतो, नऊ संधी असतात आणि पाच विषय एकेक-दोनदोन करून सोडवता येतात. मराठी माध्यमही आहे. ज्यांचा पायाच कच्चा आहे त्यांच्यासाठी मुक्त शिक्षणात पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा आहेत. अर्ज भरण्याचे आणि गृहकार्य वेळेत पोहोचवण्याचे काम मात्र तळावरच्या वर्गशिक्षकाच्या जबाबदारीत लिहून द्यावे लागेल. आईबापाकडून ते होणार नाही, कारण त्यांचा मुक्काम गावी नसतो आणि मोबाइल नंबर हंगामात दोनदा बदलतो.

यासाठी नव्या सर्वेक्षणाची वाट पाहण्याची गरज नाही. टोळ्यांचे करार पावसाळ्याच्या आसपासच होतात. कोणत्या गावचे किती कोयते (तोडणीच्या जोड्या) येणार, हे कारखान्याच्या शेती विभागाला तेव्हाच ठाऊक असते. ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये मागून घ्यावी आणि मुले अजून गावच्या शाळेत आहेत तोवरच त्या शाळेशी बोलावे. पट घसरेल या धास्तीने काही शाळा गेलेल्या मुलांची हजेरी लावत राहतात; तिकडचे नाव कमी न होता इकडे शिकण्याची नोंद झाली, तर ती धास्तीही उरणार नाही.

– एक शिक्षक गट, पलूस (जि. सांगली)