घरी थांबलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, परत परत वाचलं. वहिनींची बढती आणि बदली एकदमच आली, लेक अजून वर्षाचीही नव्हती, आणि तुम्ही दोघांनी शांतपणे बसून ठरवलं की नोकरी तू सोडायची. तेव्हा तुला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला लागलं ते लोक बोलायला लागल्यावर. ‘सध्या काय करतोस?’ असं कुणी विचारलं की तू ‘थोडा ब्रेक घेतलाय’ म्हणून वेळ मारून नेतोस, आणि मग रात्रभर स्वतःवरच चिडतोस. हे वाचून जीव तुटला. शेवटी तू सरळच विचारलंस: पुरुष म्हणून मी कुठे कमी पडतोय का?

नाही. पण एका ‘नाही’ने तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या शंभर-दीडशे वर्षांत बाई कशी असावी आणि पुरुष कसा असावा याच्या कल्पना पार बदलल्या, असं आपण सगळेच म्हणतो. माझ्या मते त्यातली एकच बाजू नीट बदलली. बायकांना पुरुषांच्या अंगणात यायला वाट मिळाली, तीही भांडून, अपमान गिळून, पण मिळाली. पुरुषांना बायकांच्या अंगणात जायची वाट कुणी मोकळी केलीच नाही. पॅरिसमध्ये 1800 साली फर्मान निघालं होतं की बाईला पुरुषासारखे कपडे, म्हणजे पँट वगैरे घालायचे असतील तर पोलिसांची परवानगी काढावी लागेल. ते कागदोपत्री रद्दबातल ठरलं थेट 2013 मध्ये, पण बायकांनी त्याला कधीच धाब्यावर बसवलं होतं. आज पँट घातलेल्या बाईकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही. उलट पुरुषाने नुसता फुलाफुलांचा शर्ट घातला तरी खाकरणं सुरू होतं. असं का? बाईने पुरुषाचं काही उचललं तर ती वर चढली असं लोक धरतात, आणि पुरुषाने बाईचं उचललं तर तो खाली घसरला. तुला जे टोचतंय ना, ते हे आहे. लोक तुला बेकार समजत नाहीयेत रे, ते तुला खालच्या पायरीवर गेलेला समजतायत. आणि ती पायरी खालची ठरली ती निव्वळ तिथे आजवर बाया उभ्या होत्या म्हणून.

पायऱ्या तरी कुठे कायमच्या आहेत? उंच टाचांचे बूट इराणी घोडेस्वार घालायचे, रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून. तिथून ते युरोपातल्या सरदारांच्या पायात आले, आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचा मिरवत उभा आहे हे त्याच्या चित्रांत आजही दिसतं. त्याच्या मर्दपणाबद्दल दरबारात कुणी शंका घेतली नसेल. 1918 मध्ये अमेरिकेतल्या बालकपड्यांच्या व्यापाराच्या एका मासिकाने सल्ला दिला होता की गुलाबी रंग ठसठशीत, म्हणून तो मुलांना शोभतो, आणि निळा नाजूक, म्हणून तो मुलींना. तुझ्या लेकीला भेट आलेले ते सगळे गुलाबी झबले-टोपडे बघताना हे आठव.

पण कपड्यांचं सोड, कामाचं बघ. तिथे खरी मेख आहे. 1946 मध्ये एनिॲक हा अवाढव्य संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याला कामाला लावणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रॅमिंग करणाऱ्या, सहा बायका होत्या. तेव्हा यंत्र बांधणं हे मोठं काम आणि त्याला सूचना देणं हे कारकुनी काम समजलं जायचं. पुढे त्याच कामाला पैसा आणि मान आला आणि ते बघता बघता ‘मुलांचं क्षेत्र’ झालं. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण 1984 च्या सुमारास 37 टक्क्यांवर होतं. पुढच्या पंचवीसएक वर्षांत ते निम्म्यावर आलं. याची उलटी बाजूही तपासलेली आहे. 1950 ते 2000 या काळातली अमेरिकेतली जनगणनेची आकडेवारी घेऊन संशोधकांनी दाखवून दिलं की एखाद्या व्यवसायात बायका मोठ्या संख्येने आल्या की त्या व्यवसायाचा पगारच घसरतो, शिक्षण आणि कौशल्य तेवढंच असलं तरी. म्हणजे कामाची किंमत कामावरून ठरत नाही, करणाऱ्यावरून ठरते. मग मूल सांभाळण्याची किंमत काय असणार, तूच सांग. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 मध्ये हिशेब मांडला होता: घरातलं आणि माणसं सांभाळण्याचं बिनपगारी काम बायका दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं करतात, पुरुष 1 तास 23 मिनिटं.

वहिनींनाही यात सुटका नाही, हे विसरू नकोस. तू लिहिलंस की त्यांना ऑफिसात कुणीतरी विचारलं, ‘एवढ्याशा लेकराला सोडून राहवतं तरी कसं तुम्हाला?’ आपल्यातले किती जण बाप झाले, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाले, कुणाला कुणी असं विचारलं? बाईने कमवावं, पण आईपणात तसूभर कमी पडू नये. ठाम असावं, पण बोलणं मऊच असावं. जुन्या अपेक्षा तशाच ठेवून त्यांच्यावर नव्या रचल्या, आणि त्या ओझ्याला आपण प्रगती म्हणतो.

आता तुझी ती शंका, की निसर्गानेच पुरुषाला या कामासाठी घडवलं नसेल तर? बाई आणि पुरुष यांच्या शरीरांत फरक आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शरीर दगडासारखं ठाम नसतं. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे सहाशेहून जास्त तरुणांच्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची काही वर्षांच्या अंतराने मोजणी झाली, 2011 मध्ये तो अभ्यास छापून आला. बाप झालेल्यांमध्ये ते चांगलंच उतरलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचं करत होते त्यांच्यात ते इतर बापांपेक्षाही कमी होतं. ज्याला आपण पुरुषपणाचा अर्क समजतो तेच रसायन लेकराला घेतलं की मऊ होतं. बापाचं अंगच बापपणासाठी बदलतं रे. याहून निसर्गाची आणखी कुठली साक्ष हवी?

माझ्या बाबांबद्दल एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ते कसे होते ते तू पाहिलंयस: करडा आवाज, कमी बोलणं, घरात कप उचलून ठेवला नसेल कधी. आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. एका दुपारी मी अचानक घरी गेलो तर खोलीचं दार लोटलेलं. फटीतून दिसलं की बाबा पलंगाच्या कडेला बसून आईची नखं कापतायत. तिचा निर्जीव हात मांडीवर, खाली पसरलेला रुमाल, आणि एकेक बोट वेगळं धरून, चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळून बघत कात्री चालवतायत. मी दार ढकललं तसा त्यांनी रुमाल गोळा केला आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, चोरी पकडली गेल्यासारखे. इतक्या सुंदर गोष्टीची त्यांना लाज वाटली. ही माया त्यांच्यात आयुष्यभर होती, पण ती दार लोटून करायची गोष्ट आहे असंच त्यांना शिकवलेलं. तुझ्या वाट्याला तरी हे येऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

या कोंडण्याची किंमत पुरुष जिवाने मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 चे आकडे आहेत: आत्महत्येने जाणारे दर लाख पुरुषांमागे 12.6 आणि दर लाख बायकांमागे 5.4. त्याची कारणं अनेक आहेत, पण मदत मागणं म्हणजे कमीपणा, ही समजूत त्यातलं एक मोठं कारण आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून तू ते पत्र लिहिलंस, मनातलं बोललास, याचं मला फार बरं वाटलं.

आणि हो, ‘पुरुषपण’ नावाचं सगळंच टाकून द्यावं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दिलेला शब्द पाळणं, संकटात पुढे उभं राहणं, दमलं तरी जबाबदारी न टाकणं, हे माझ्या बाबांकडून मी घेतलं आणि ते मला हवंच आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की ही पुरुषांची जहागिरी नव्हे. वहिनींमध्ये ते तुझ्या-माझ्याइतकंच आहे. तसंच लेकीच्या अंघोळीचं पाणी तू कोपर बुडवून पाहतोस, ती कुठल्या रडण्यात भुकेली आणि कुठल्या रडण्यात झोपेला आलेली हे तुला शेजारच्या खोलीतून कळतं, ही काही बायकांना जन्मजात मिळालेली विद्या नाही. त्याही ती करून करूनच शिकतात.

लोक बदलतील का, असं तू विचारशील. नुसत्या उपदेशाने नाही. स्वीडनने 1974 मध्येच पालकत्वाची पगारी रजा आई-बाप दोघांनाही खुली केली, तरी वर्षानुवर्षं ती बहुतेक आयाच घेत राहिल्या. 1995 मध्ये एक महिना बापासाठी राखून ठेवला, त्याने घेतला नाही तर तो बुडायचा, तेव्हा कुठे बाप घरी थांबू लागले. आता प्रत्येकासाठी 90 दिवस राखीव आहेत. एकदा पुष्कळ पुरुष ते करताना दिसले की त्यात कुणाला नवल वाटत नाही. तोवर तुझ्यासारख्यांना बोलणी खावी लागणार, हे खरंय.

ताजा कलमात तू विचारलंयस की पुन्हा नोकरी शोधताना या काळापुढे बायोडेटात काय लिहायचं. ‘वैयक्तिक कारण’ असं अजिबात लिहू नकोस. तारखा घाल आणि पुढे ‘पूर्णवेळ बालसंगोपन’ असं स्वच्छ लिही. मुलाखतीत विचारलं तर घरात दोघांनी मिळून काय ठरवलं ते सांग आणि कामाकडे वळ, सफाई देत बसू नकोस. कच्चा मसुदा झाला की मला पाठव, मी लगेच बघतो. पुढच्या महिन्यात येतोच आहे. तेव्हा दिवसभर लेकीकडे मी बघेन, तू आणि वहिनी कुठेतरी फिरून या.

तुझाच,
जिवाचा मित्र