समूहयात्रेचे सूचनापत्रक वेळेवर आणि मराठीत मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमचे बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील, कुटुंब यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. कोकणातील नातलगांसोबत इस्राएलच्या समूहयात्रेला निघताना सूचनापत्रक आठच दिवस आधी आणि तेही इंग्रजीत मिळाले, त्यामुळे माझ्या वृद्ध आईला आपली बॅग स्वतः भरता आली नाही, याचे मला फार वाईट वाटले. वास्तविक सामान भरताना आधी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, विचार करावा लागतो. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत प्रवास आणि स्वयंपाक वर्ज्य असल्याने मेणबत्त्या, किप्पा (डोक्यावरची छोटी गोल टोपी) यांबरोबर खारीक, भाजलेले शेंगदाणे असा कोरडा खाऊ जवळ असलेला बरा. जेरुसलेममधील पवित्र पश्चिम भिंतीपाशी अंगभर कपडे हवेत, आणि आपल्याला विदर्भाच्या उन्हाची सवय असली तरी जेरुसलेमचा हिवाळा बोचरा असतो. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. सर्वांत अवघड पासपोर्टची कागदपत्रे: शाळेचा दाखला आणि आधार यांवरील नावात एका अक्षराचा फरक निघाला, तर खेड्यातल्या माणसाला शहराच्या किती खेपा घालाव्या लागतात, हे आम्ही अनुभवले आहे. म्हणून आयोजकांनी मराठी पत्रक किमान 3 महिने आधी द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ