सड्यावरचा मासा

प्रिय बंड्या,

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, पण सडा, आपला कातळाचा माळ, अजून चढतो. आईला ऐकू कमी येतं, बोलणं मात्र तेवढंच.

पत्राचं कारण सांगतो. रविवारी कातळात कोरलेली जुनी चित्रं शोधणारे कातळशिल्पवाले आपल्या सड्यावर आले. गवत काढलं, माती झाडली, तर ज्याच्या शेपटीवर बसून आपण विटीदांडूवरून भांडायचो तो मासा एकटा नाही, बाजूला आणखी दोन जनावरं निघाली! (तो झेल मी घेतला होता. आजही.) दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणेल, मग काय झालं?

झालं असं की दादाला ती सामायिक जमीन चिरेखाणीला द्यायची आहे. काजूनं मार खाल्लाय, जांभ्याचे पैसे रोख. वर विचारतो, '2022 ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कशेळी, बारसूची शिल्पं गेली, आपल्याला त्याचं काय?' मला उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं असतं, उद्धट का होईना.

मुद्दाम उक्षीला जाऊन आलो. तिथे गावानंच पुढाकार घेऊन कातळात कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्याची भिंत घातली, उभं राहून बघायला जागा केली. देवीहसोळचं शिल्प तर आर्यादुर्गेच्या देवळाजवळच; लोकांचा राबता आहे म्हणून त्याच्याकडे लक्ष आहे. आणि रिसबूड, मराठे मंडळींनी इतकी शिल्पं शोधली ती तरी कशी? गावोगाव गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत. मग आपल्याकडे तारेचं कुंपण घालून त्याच गुराख्याला 'गुरं आत आणू नको' म्हणायचं? शिमग्यात पालखीची वाट तिथूनच जाते, ती कुठून न्यायची? खाण नको, पण असलं कुंपणही नको. तिसरं काय, यावरच रात्र जाते.

नात झाली, अभिनंदन. नाव सोपं ठेवा. नव्या जागेत लिफ्ट चालते ना?

ग्रामसभेत विषय घेतोय: वाट, चराई, पावसाळ्यातलं पाणी आणि येणाऱ्यांकडून घ्यायचे पैसे, हे सगळं गावानं आधी लिहून ठेवायचं, मगच बाहेरच्यांशी बोलायचं. त्यातलं एक जनावर बांधापलीकडे, म्हणजे तुमच्या तुकड्यात जातं. हो, तोच बांध, ज्यावरून आपले बाप सहा पावसाळे बोलले नाहीत. सातबाऱ्यावर अजून काकांचंच नाव आहे. वारस नोंदीचे कागद घेऊन गणपतीआधी ये, दादाला तूच समजाव. माझं तो ऐकत नाही, तुझ्याकडून अजून पन्नास रुपये येणं आहे म्हणतो, निदान त्यासाठी तरी भेटेल.

तुझा,
बापू