पक्या, टर्बो नाही लावत, आधी वजन काढतोय

कोब्लेंत्स, जर्मनी,
रविवार, सकाळ

प्रिय पक्या,

तुझा मेसेज मिळाला. "जुन्या गाडीत एवढे पैसे घालतोयस तर सरळ टर्बो का नाही लावत?" इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो मी का टाळतोय हे फोनवर पाच मिनिटांत सांगून होणारं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितोय, चहा घे आणि वाच.

गाडी तुला फोटोत माहितीच आहे, 1990 ची माझदा एमएक्स-5, उघडणाऱ्या टपाची, 1.6 लिटर, 115 हॉर्सपॉवर, कागदावर वजन 955 किलो. आता बघ, 50 किलो काढले तर सरळ रस्त्यावर साधारण 6 हॉर्सपॉवर वाढल्यासारखं होतं, म्हणजे टर्बोवाला ढुंकूनही बघणार नाही. पण ते 50 किलो मला ब्रेक मारतानाही थांबवावे लागत नाहीत, वळणावर टायरला धरून ठेवावे लागत नाहीत, आणि टायरचं तर तुला माहितीय, त्याच्यावर भार जेवढा वाढतो तेवढी त्याची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, म्हणून हलकी गाडी त्याच टायरवर जास्त वेगानं वळते. टर्बो यातलं काहीच देत नाही, उलट हवा थंड करणारा इंटरकूलर, पाइप, मोठा रेडिएटर असं सगळं वजन नाकावर चढवतो. मला नूर्बुर्गरिंगच्या जुन्या रेस ट्रॅकवर गाडी न्यायला आवडते, तिथे वीस किलोमीटरच्या वर एकच लॅप आहे, चढ, उतार आणि वळणं, वळणं, वळणं. तिथे मला वळणारी गाडी हवी.

सुरुवात चाकांपासून केली. आधीच्या मालकानं 16 इंची जाड अलॉय टाकले होते, दिसायला झकास. मी एक चाक काढून टायरसकट वजनकाट्यावर ठेवलं तर 17 किलोच्या आसपास! मग इथल्याच एका माणसाकडून कंपनीचे मूळ 14 इंची सात आऱ्यांचे अलॉय घेतले, नुसती रिम साडेपाच किलोच्या आत, 185/60 च्या टायरसकट पावणेतेरा. चार चाकांत 16-17 किलो गेले आणि तेही कंपनीचाच पार्ट लावून, टीयूव्हीच्या, म्हणजे इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या, तपासणीत एक कागद दाखवावा लागला नाही. लोक सांगतात की चाकातला एक किलो म्हणजे बाकी गाडीतले दहा किलो, ते खरं नाही रे. रिमच्या कडेचा आणि टायरचा किलो गाडीला वेग घेताना फार तर दोन किलोच्या जवळ जातो, कारण तो पुढेही न्यायचा असतो आणि गरगर फिरवायचाही असतो, गणित तू कॉलेजात माझ्यापेक्षा चांगलं करायचास. पण खरा फायदा सस्पेन्शनला होतो. खडबडीत रस्त्यावर हलकं चाक पटकन खाली येऊन रस्ता पुन्हा पकडतं, आणि हे पहिल्याच दिवशी स्टिअरिंगमध्ये हाताला कळलं, भारी वाटलं.

कार्बनचं बोनेट घे म्हणून मला इथे दोघातिघांनी सांगितलं. घेतलं नाही. या गाडीचं बोनेट कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचं येतं, मग उरतं किती वाचायला? माझदाच्या लोकांनी तेव्हाच ग्रॅम-ग्रॅम मोजून गाडी बनवलीय, त्यामुळे हिच्यातून वजन काढणं कठीण आहे आणि म्हणूनच मला ती एवढी आवडते.

सीटचं मात्र नीट ऐक. रेसच्या गाडीत असते तशा बकेट सीटच्या जाहिरातीत 6-7 किलो लिहिलेलं असतं आणि मूळ सीट साधारण 15 किलोची, म्हणजे आठ-नऊ किलो वाचले असं वाटतं, पण खालचे ब्रॅकेट आणि रेल धरले की त्यातले तीन-चार किलो परत येतात. मी एकच सीट बदलली, ड्रायव्हरची, कागदपत्रांसकट, कारण इथे सीटची मंजुरी नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आणि मागे रोल बार, म्हणजे डोक्यामागची लोखंडी कमान, बसवला. तो 15 किलोचा आहे, म्हणजे सीटमधून वाचवलं त्याच्यापेक्षा जास्त वजन मी स्वतः गाडीत घातलं आणि ते कधीच काढणार नाही, टप नसलेली गाडी उलटली तर डोक्यावर दुसरं काय आहे सांग.

बॅटरीबद्दल तू विचारलं होतंस. लिथियमची फारच हलकी असते हे खरं. पोर्शनं 2010 च्या सुमाराला 911 जीटी3 ला लिथियम बॅटरी पर्याय म्हणून दिली, वजन 6 किलोच्या आत, नेहमीच्यापेक्षा 10 किलोनी कमी, पण सोबत नेहमीची लेडची बॅटरीही द्यायचे, कारण शून्याच्या खाली लिथियम नीट चालत नाही. माझी गाडी हिवाळ्यात बाहेर उभी असते. शिवाय एमएक्स-5 ची बॅटरी डिकीत आहे, स्टेपनीपण तिथेच, आणि त्यामुळेच पुढचं-मागचं वजन जवळजवळ निम्मं-निम्मं पडतं. दोन्ही काढलंस की काट्यावर आकडा मस्त दिसतो पण मागचा भाग हलका होतो, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं लवकर लॉक होतात, माझ्या गाडीला चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. म्हणून स्टेपनी ट्रॅकच्या दिवशी काढतो, बॅटरी तशीच ठेवलीय.

सगळ्यात मजा फ्लायव्हीलनी, म्हणजे इंजिनामागे फिरणाऱ्या जड चकतीनी, आणली. क्लच बदलायचाच होता, गिअरबॉक्स खाली आलेलाच होता, म्हणून साधारण 8 किलोचं फ्लायव्हील काढून 4 चं टाकलं. मी हिशोब केला, पहिल्या गिअरचा रेशो 3.136, डिफरन्शियलचा 4.3, फिरणाऱ्या वजनाची त्रिज्या 10 सेंटीमीटर धरली, तर पहिल्या गिअरमध्ये ते 4 किलो गाडीला 85-90 किलोसारखे जाणवतात आणि पाचव्यात फक्त सहाएक! रेशोचा वर्ग होतो ना, म्हणून. खालच्या गिअरमध्ये इंजिन नुसतं भिरभिरतं, खालचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे पटकन जुळतात. सिग्नलवरून निघताना मात्र जरा जास्त रेस द्यावी लागते, न्यूट्रलला थोडी खडखडही ऐकू येते, मला चालते.

माझा नियम असा झालाय, जो पार्ट झिजलाय तोच बदलायचा आणि बदलताना हलका घ्यायचा, धडधाकट पार्ट नुसत्या वजनासाठी फेकायचा नाही. पुढच्या डिस्क संपत आल्यात, त्या वेळी बघू. होंडानं 1992 च्या एनएसएक्स-आर या स्पोर्ट्स कारमध्ये 120 किलो कमी केले तेही असेच ठिकठिकाणाहून, सीट, चाकं, आवाज रोखणारं मटेरियल, एसी, स्टिरिओ, थेंबे थेंबे तळे साचे. मी एसी नाही काढणार, हिला मी रोजही चालवतो. आणि हो, पैसे न घालता 17 किलो काढायचे तर टाकी अर्धी ठेव, 45 लिटरची पूर्ण टाकी म्हणजे 34 किलो पेट्रोल.

वजन गेलं की गाडी थोडी वर उठते, त्यामुळे शेवटी चाकांचं अलाइनमेंट पुन्हा करून घेतलं. हे बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात फरक कळला नाही.

आता तुझ्या फोक्सवॅगन पोलोचं. पुण्यात सीट-बिट काढायच्या भानगडीत पडू नकोस, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा निकाल दिलाय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारे बदल चालत नाहीत. त्याच मापाचे अलॉय घेणार असशील तर दुकानात जाताना काटा सोबत ने, तुझी मूळ रिम आणि त्यांची रिम दोन्ही ठेवून बघ, अलॉय म्हणजे हलकंच असं काही नसतं. टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती भार पेलतो तो आकडा, कमी घेऊ नकोस. आणि वजनं मला पाठव, मी हिशोब करून देतो.

काकूंना नमस्कार सांग, त्यांचा गुडघा आता कसा आहे ते लिही.

तुझाच,
संज्या