नवा पीसी घेण्याआधी अडतेय कुठे ते बघा

महोदय,

लग्नसराई जवळ आली की लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग, म्हणजे संकलन, करणाऱ्यांची कॉम्प्युटरच्या दुकानांत एकच तक्रार असते : टाइमलाइन (संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने मांडतात ती पट्टी) अडकते, प्लेबॅक झटके खातो. त्यावर उत्तरही ठरलेले, ‘मोठे ग्राफिक कार्ड टाका.’ कार्ड बसते, पैसे जातात आणि मंगलाष्टकांचे फुटेज पुन्हा तिथेच अडते. कारण पुष्कळदा दुखणे कार्डात नसतेच.

हल्लीचे कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतींनी फुटेज दाबून, कमी जागेत लिहितात. त्यात एक फ्रेम पूर्ण असते आणि पुढच्या दहा-पंधरा फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढेच नोंदलेले असते. व्हीएलसीसारखा साधा व्हिडिओ प्लेअर ती फाइल सरळ एका दिशेने वाचत जातो, म्हणून तिथे ती सुरळीत चालते. टाइमलाइनवर मात्र तुम्ही अक्षता पडतानाच्या फ्रेमवर थेट उडी मारता. सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून एकेक फ्रेम उलगडत यावे लागते, आणि तेही दर कटला.

हे उलगडण्याचे काम कोण करतेय ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसते. प्लेबॅक चालू ठेवून परफॉर्मन्समध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक कार्ड) उघडा. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख शून्यावर आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर कार्ड नुसते बसून आहे. कॅमेऱ्यात ‘४:२:२ १०-बिट’ (रंगांचा जास्त तपशील ठेवणारा प्रकार) निवडले असेल तर हे पुष्कळदा होते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या कार्डांत एच.२६५ चा हा प्रकार उलगडण्याची सोयच नाही. रंगांचा तपशील कमी ठेवणारा ४:२:० त्यांना चालतो. उलट इंटेलच्या बाराव्या पिढीच्या साध्या आय-५ मधले अंगचे ग्राफिक्स हे काम करते. पण थोडे पैसे वाचवायला दुकानदार ‘एफ’ अक्षराचा, म्हणजे अंगचे ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर देतो आणि नेमकी तीच सोय जाते. ‘एफ’ नसेल तरीही बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ते ग्राफिक्स बंद ठेवलेले नाही ना, हे पाहून घ्यावे.

यावर फुकटचा उपाय म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरती वापरायची फुटेजची हलकी प्रत. अडोबीच्या प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप निवडून राइट-क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. प्रकार प्रोरेस प्रॉक्सी, आकार १९२० बाय १०८०. पंचवीस फ्रेमच्या तासाभराच्या फुटेजला साधारण १७ जीबी जागा लागते. रात्री लावून झोपावे. एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होते, त्यामुळे दर्जा जाण्याची भीती नको.

डिस्कचे गणितही कोणी मांडत नाही. १०० मेगाबिटने शूट केलेला एक कॅमेरा सेकंदाला साडेबारा एमबी मागतो. तीन कॅमेऱ्यांचे मल्टिकॅम म्हणजे साडेसदतीस. यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात तीस-पस्तीसच येतात, मग कार्ड कितीही भारी असो. पोर्ट आतून निळा आहे का ते आधी बघा. बहुतेक यूएसबी ३ चे पोर्ट तसे असतात. चालू काम एसएसडीवर ठेवावे आणि फिरणारी हार्ड डिस्क साठवणीपुरती वापरावी.

फुटेज साधे असूनही अडत असेल तर प्रीमिअरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमधला रेंडरर (चित्र तयार करण्याचे काम कोणी करायचे ते ठरवणारा पर्याय) पाहावा. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असेल तर कार्ड वापरलेच जात नाही. वॉर्प स्टॅबिलायझर (हलणारे चित्र स्थिर करणारा इफेक्ट) आणि नॉइज कमी करणारे इफेक्ट कुठलाही पीसी रडवतात. तेवढा तुकडा रेंडर करून, म्हणजे आधीच तयार करून, घ्यावा आणि टाइमलाइनवरची लाल रेघ हिरवी झाली की पुढे जावे.

आवाज ओठांच्या मागे-पुढे होणे हे निराळे प्रकरण. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिपचा फ्रेम रेट चालता चालता बदलत असतो. अशा क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, २५ वर आणून मगच टाइमलाइनवर घ्याव्यात. आणि स्पेसबार दाबूनही प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती रेघ) जागचा हलत नसेल, तर फॉरमॅट मारण्याआधी प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमधले ऑडिओ हार्डवेअर उघडा. काढून ठेवलेला ब्लूटूथ हेडफोन तिथे आउटपुट म्हणून अडकलेला असतो. आउटपुटला स्पीकर आणि इनपुटला ‘नो इनपुट’ निवडले की बहुतेक वेळा गाडी सुरू होते.

मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये आपले सहकारी दामल्यांच्या साथीने कॅमेरा जुळवला तो याच कोल्हापुरात. इथल्या संकलन शिकवणाऱ्या क्लासवाल्यांनी महिनाभर ट्रान्झिशन (दोन दृश्ये जोडण्याचे प्रकार) शिकवण्यातले दोन दिवस यासाठी द्यायला काय हरकत आहे? दुकानदारांकडेही एक मागणी आहे. पेनड्राइव्हवर आपल्याच कॅमेऱ्याची दोन मिनिटांची क्लिप घेऊन ग्राहक आला, तर बिल फाडण्याआधी ती त्याच मशीनच्या टाइमलाइनवर चालवून दाखवावी. जो दुकानदार नाही म्हणेल, त्याच्याकडून पीसी घेऊ नये.

– एक व्हिडिओ संकलक, राजारामपुरी, कोल्हापूर