बारापेडे गुहेसोबत वरचा डोंगरही वाचवा, साहेब

मा. वनमंत्री, कर्नाटक सरकार यांना,

सा. न. वि. वि.

साहेब, मी खानापूर तालुक्यातला. भीमगड अभयारण्य २०११ला जाहीर झालं तेव्हा आमच्या भागातल्या लोकांना बरं वाटलं होतं. तळेवाडी-कृष्णापूरकडच्या जंगलातली बारापेडे गुहा आता वाचली असं वाटलं. राउटनचं वटवाघूळ इथलंच, १९१३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली, कितीतरी वर्षं जगात दुसरीकडं ते कुठं सापडतच नव्हतं, नंतर मेघालयात सापडलं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत जागा आहे. पण सरकारी बोलणं वटवाघळापाशीच थांबतं, दगडाचं नाव कुणी काढतच नाही.

बेळगावच्या आसपास काळा बसाल्ट, गोकाकला घटप्रभा कोसळते तो कडा वालुकाश्माचा, आणि इथं चुनखडी. पावसाचं पाणी हवेतला आणि कुजलेल्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांत शिरतं आणि दगड विरघळवत जातं, हजारो वर्षं हे चालतं तेव्हा कुठं माणूस उभा राहील एवढी पोकळी होते. छताला लोंबणारा थेंब बघा कधी, पडायच्या आधी कडेला चुन्याची बारीकशी कड सोडतो, तीच साठत साठत लवणस्तंभ होतो. दांडेलीजवळच्या कवळा गुहेत लोक ज्याला शिवलिंग म्हणून हात जोडतात ते असंच थेंबाथेंबानं वाढलंय.

म्हणून सांगतोय, गुहेच्या तोंडाला कुंपण घालून भागणार नाही. वरची झाडं तोडली, माती उघडी पडली, सुरुंग लावले की आतला थेंबच बदलतो. शिवाय अशा दगडात पाणी गाळलं जात नाही, भेगेतून सरळ खाली जातं, वर टाकलेली घाण तशीच झऱ्याला लागते. मलप्रभा, म्हादई दोन्ही आमच्या तालुक्यात उगम पावतात, तेव्हा हा विषय नुसता जंगलाचा नाही.

तुम्ही एवढं करा. भूगर्भ खात्याला सोबत घेऊन गुहेचा आणि वरच्या डोंगराचा नीट सर्व्हे करा, पावसाळ्यात मुरणाऱ्या पाण्यात निरुपद्रवी रंग सोडून ते कुठल्या झऱ्यात निघतं ते तपासा, आणि ते सगळं क्षेत्र ब्लास्टिंग, बोअर, रिसॉर्ट यांना कायमचं बंद करा. गुहेत टॉर्च-कॅमेरे घेऊन घुसणाऱ्यांना आवरायला वॉचर आमच्याच गावांतले नेमा, त्यांना वाटा ठाऊक आहेत. आणि बोर्ड कन्नडसोबत मराठीतही लावा, वाचणारे दोन्हीकडचे आहेत.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक रहिवासी