त्रास देवाला वाहा, पण डॉक्टरांनाही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किमोथेरपीच्या दुष्परिणामांवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. काय होतं, कशामुळे होतं, ते नीट सांगितलंय. हे सोसताना श्रद्धाळू माणसाच्या मनात काय चालतं, ते त्यात येणार नव्हतंच. म्हणून हे पत्र. मी वसईची कॅथलिक, स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेली.

आमच्यात दुखण्याला अर्थ लावायची भारी हौस. सलाईनमधून लाल औषध चढत होतं, तेव्हा सोबत आलेल्या बाईंनी विचारलं, ‘ख्रिस्ताचं रक्त आठवतं ना गं?’ मला आठवत होतं ते एवढंच, की आता लघवी लाल होणार.

पण काही अर्थ न शोधताही सापडले, हेही खरं. तोंडाची चव गेली. बोंबलाचं कालवण लोखंड चाटल्यासारखं लागायचं. फरक पडला नाही तो फक्त चर्चमध्ये मिस्सेत मिळणाऱ्या ख्रिस्तप्रसादाच्या पापुद्र्यात. गव्हाचं पीठ आणि पाणी, त्याला मुळात चव होती कुठे? तोंड आलं तेव्हा फादर त्याचा कणभर तुकडा मोडून द्यायचे, वर घोटभर पाणी. जन्मभर रांगेत उभं राहून घेतलेली ती भाकर मला तेव्हा पहिल्यांदा अन्न वाटली.

दुसरं बोटांचं. पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाने बोटांची टोकं बधिर झाली. रोझरीचा, म्हणजे आमच्या जपमाळेचा, मणी चिमटीत आहे की सुटला, कळेना. मण्यागणिक म्हणायच्या ‘नमो मारिया’ प्रार्थनेचा हिशेब चुकायचा. प्रभू पुन्हा उठला यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला त्याच्या जखमेत बोट घालून खात्री करायची होती. माझी बोटं त्या कामाची राहिलीच नव्हती, न चाचपता विश्वास ठेवणं भाग होतं. मग मणी मोजायचे सोडले आणि झोप लागेपर्यंत नुसती म्हणत राहिले.

हे माझं मला सापडलं. दुसऱ्या कुणी बिछान्याशी बसून सांगितलं असतं, तर उशी फेकून मारली असती.

काळजी वाटते ती वेगळीच. ‘हा माझा क्रूस’ म्हणत त्रास दडवणाऱ्या बायका मी डे-केअरमध्ये पाहिल्या. पोप योहान पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या पत्रात माणसाचं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडलं, खरं. पण त्याच पत्रात येशूच्या गोष्टीतला, वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधणारा भला शोमरोनीही आहे. वेदनाशामक घेणं श्रद्धेविरुद्ध नाही, हे पोप बारावे पायस १९५७ मध्येच सांगून गेलेत. कालवरीवर, क्रुसावर चढवताना, प्रभूने गुंगी आणणारा बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, हा दाखला हटकून दिला जातो. पुढे तहान लागल्यावर त्याने आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली, ते कुणी सांगत नाही.

बधिरपणा वेळीच सांगितला तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी औषध थांबवतात. दडवला तर तो कायमचा राहू शकतो. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं. तो ताप देवाला वाहून घरी पडून राहायचं नसतं.

११ फेब्रुवारीला, लुर्डमातेच्या सणाला, १९९३ पासून जागतिक रुग्ण दिन पाळतात. त्या दिवशीच्या प्रवचनात फादरांनी तापाचं आणि बधिरपणाचं एवढं जरूर सांगावं. वेदीवरून आलेला शब्द आमच्या बायका डॉक्टरांपेक्षा जास्त मानतात.

– एक वाचक, वसई